पुण्यात खायचं, पण कोणत्या साली?

खिशातला मोबाइल घरीच ठेवा. जायचंय तिथे यूपीआय चालत नाही. पहिल्या मुक्कामाला तर पैसाही चालत नाही, आडनाव चालतं. चपला सहज काढता येतील अशा घाला. पोट रिकामं असू द्या. वाट मी सांगतो. मी सदाशिव पेठेत वाढलेला, घरी उत्तम स्वयंपाक होत असताना बाहेर खाणारा माणूस आहे. मला मतं आहेत, आणि ती तुम्हाला वाटेत ऐकावी लागतील.

पहिलं मत आत्ताच सांगून टाकतो. खायच्या जागेत शिरल्यावर मी आधी काय मिळतं ते बघत नाही. इथे कोणाला बसू देतात आणि किती वेळ, ते बघतो. चवीचं नंतर. पुण्याच्या पेठांना एवढी एक गोष्ट ठरवायला शंभरेक वर्षं लागली. तुम्हाला फिरायचंय ते त्याच वर्षांतून.

साल १८९०, ऑक्टोबर महिना. गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये तुम्ही एका खुर्चीवर बसला आहात. व्याख्यान आटोपलंय. आजूबाजूला पगड्या आणि उपरणी. समोरून चहा येतोय, सोबत बिस्किटं. पाहुण्यांत चौतीस वर्षांचे टिळक आहेत, न्यायमूर्ती रानडे आहेत. आता तोंडं बघू नका, हात बघा. कोणी कप उचलून सरळ पितो, कोणी घेऊन शेजारी ठेवून देतो, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता नुसता हात लावतो. तुम्ही काय करणार? प्या. न प्यायल्याने सुटका होणार नाही. डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव याच खोलीत आहेत, आणि कोण कोण आलंय याची त्यांनी मनात नोंद केलेली आहे. थोड्याच दिवसांत ही नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून येतील. मग शंकराचार्यांकडे तक्रार, मग चौकशी, मग ग्रामण्य, म्हणजे बहिष्कार. टिळक म्हणतील, मी काशीत प्रायश्चित्त घेऊन आलो. रानडे १८९२ साली प्रायश्चित्त घेतील आणि त्यांच्यावर सुधारकच रुसतील.

चहा कसा होता, असं तुम्ही विचाराल. भांडण चवीचं नव्हतंच. भट्टी कोणाची, पीठ कोणी मळलं, त्यात पाणी कोणाच्या हातचं पडलं, याचं भांडण होतं. चार इयत्ता शिकलेल्या माणसालाही बिस्किट हा खाऊ वाटत नव्हता. विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खी गावं बाटवल्याच्या वसई-गोव्याकडच्या गोष्टी इथल्या आज्यांना पाठ आहेत. खुर्चीवर बसायला मिळालं, पण त्या बसण्याची किंमत वर्ष-दोन वर्षं भरावी लागली. माझ्या परीक्षेत हा मुक्काम नापास. कप खाली ठेवा, निघू.

आता १९३५. मधली वर्षं तुम्ही चुकवलीत त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा ‘शुद्ध ब्राह्मणांचे उपाहारगृह’ अशा पाट्या लागल्या, म्हणजे बाहेर खाणं चालू झालं, पण पाटीने आधीच निम्म्या गावाला दारातून परत पाठवलं. चहाच्या बाबतीत मारवाडातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी अमृततुल्याची दुकानं काढून पेठेची मोठीच सोय केली: पितळी पातेलं, वेलदोडा, सुंठ, आणि ओतणारा हात शंका न घेण्यासारखा. तो चहा मला आवडतो. गोड जास्त असतो, पण अमृताने कधी कमी गोड व्हावं?

दुपारी बाराला सदाशिव पेठेतल्या एखाद्या खानावळीत शिरा. चपला बाहेर. पाटावर बसा. शेजारी कोकणातून शिकायला आलेला मुलगा आहे. गेल्या वर्षापर्यंत तो वार लावून जेवत होता, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आता घरून मनीऑर्डर येते म्हणून तो इथे. वाढप्याकडे बघा, त्याच्या हाताला डोळे आहेत. पोळी संपायच्या आत दुसरी येते, भाजी मागितल्याशिवाय येत नाही. जायचं असेल तर खाडा आदल्या दिवशी सांगावा लागतो, नाहीतर पैसे कापले जात नाहीत. आमटी चांगली आहे, कारण ती रोज तीच आहे. रविवारी फीस्ट, आणि रविवारी रात्री चूल बंद. आणि बसायचं? ताट संपलं की उठायचं. पुढची पंगत दारात उभी असते आणि कोणी काही बोलत नाही, फक्त तुमच्या ताकाच्या वाटीकडे बघतं. पोट भरतं, गप्पा होत नाहीत. लक्ष्मी रस्त्यावर याच सुमाराला मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार पूना गेस्ट हाउस चालवायला घेतायत. तिथे नाटक-सिनेमावाल्यांमुळे बोलणं अधिक होतं, वेळ असेल तर जा.

माझं मन मात्र संध्याकाळी लकडी पुलापलीकडे ओढतं. फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशी कॅफे गुडलक याच साली उघडलंय. हुसेन अली याक्षी या इराण्याने काढलेलं. आत जा. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या. बन मस्का आणि चहा मागवा. बन चहात बुडवा, लोणी वर तरंगेल ते पुसत बसू नका. आता खरी गंमत: कप रिकामा झाला, पण कोणी येऊन उचलला नाही. घटका गेली. अजून नाही. समोरच्या टेबलावर कोणी कॉलेजातला मास्तर आहे, त्याच्या पलीकडे टांगेवाला. तुमची जात कोणी विचारली नाही, निदान उघडपणे तरी नाही. पेठेने ४५ वर्षांपूर्वी ज्या घासावरून लोकांना वाळीत टाकलं, तोच घास इथे गल्ल्यावर नाणं टाकून मिळतो.

इथे पुढे प्रभात फिल्म कंपनीचे नट येतील. देव आनंद उमेदवारीच्या दिवसांत इथे येऊन बसायचा, असं पुण्यात अभिमानाने सांगतात. मी त्या अभिमानात फार रमत नाही. इराण्याकडे नट बसला हे मोठेपण नाही, टांगेवाला त्याच्याच शेजारी बसला हे आहे. पण एक खोट दाखवतो. बायका शोधा. बाहेरच्या टेबलांवर एकही नाही. अशा हॉटेलांत फॅमिली रूम म्हणून एक आडोसा असतो, तिथे नवऱ्याबरोबर आलेली एखादी असेल तर असेल. तुम्ही एकट्या आलेल्या बाई असाल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, आणि त्याबद्दल मला गुडलकपेक्षा पुण्याला जाब विचारायचाय.

१२ जुलै १९६१ ला कुठेही उतरू नका. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या चुलीच काय, भिंतीही गेल्या. खाण्यावर मत देण्याचा तो दिवस नाही.

१९६५. सायकल काढा. या गावात सगळेच सायकलवर आहेत, त्यामुळे तुम्ही वेगळे दिसणार नाही. पेठेतून कॅम्पात जायचं म्हणजे परगावी जायचं. आई विचारते, जेवायला येशील ना? ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे, दहा वर्षांची. इथे खुर्ची नाही. मग बेकरीची परीक्षा कशी घ्यायची? माझा उपाय असा: काउंटरवर किती वेळ उभं करतात, आणि भट्टीचा वास रस्त्यावर कुठपर्यंत येतो. कयानीचा वास तुम्हाला वळणाआधीच भेटतो. लाकडावरची भट्टी, त्यामुळे वासात लोण्याबरोबर थोडा धूरही. दुपारी दार बंद असतं. जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत आलात आणि हात हलवत परत गेलात तर बेकरीला दोष देऊ नका. पेठेला दुपारी झोपायची मुभा असेल, तर कॅम्पाला का नको?

सगळे श्रूजबेरी मागतात. इंग्लंडातल्या एका गावाचं नाव पुणेरी जिभेने वळवून घेतलेलं हे बिस्किट आहे, आणि पुण्याहून पाहुण्याकडे जाताना ते नेणं हा पुढे रिवाजच होणार आहे. घ्या. पण माझा सल्ला मावा केकचा. श्रूजबेरी दोन दिवसांनीही तशीच लागते, मावा केकला त्याच संध्याकाळी न्याय द्यावा लागतो. आणि ज्या पदार्थाला थांबता येत नाही त्याच्यासाठी मी सायकल हाणतो. जमलंच तर पुढे दोराबजींकडे बिर्याणी खा. १८७८ सालापासून ते आहेत, म्हणजे पंचहौदात लोक बिस्किटाला घाबरत होते तेव्हा थोड्याच अंतरावर दोराबजींचं दुकान चालू होतं. एका गावात दोन गावं नांदत होती, ती अशी. परतताना खारी आणि टोस्ट घ्या, बटरही घ्या. बटर म्हणजे लोणी नव्हे, तो कडक गोल तुकडा, जो चहात पडेपर्यंत दगड असतो.

आता तो मुक्काम, ज्यासाठी मी खरं तर तुम्हाला एवढं चालवलं.

१९७३, दिवाळीला दहा-बारा दिवस आहेत. पुन्हा पेठेत या. बोळातली बेकरी, पाटी धुरकटलेली. दुपारची वेळ, पावाचा घाणा निघून गेलाय आणि भट्टीची धग उतरणीला लागलीय. ओट्यापुढे बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत घरून आणलेला मैदा, रवा, दळलेली साखर, वेलचीची पुडी आणि तुपाचा डबा. साखर रेशनची, महिनाभर चहात कमी टाकून साठवलेली. तुमच्याही हातात आईने पिशवी दिलीय आणि बजावलंय, “तूप आपलंच घालतोय ना, समोर उभं राहून बघ.”

तुम्ही उभे राहता. कारागीर बनियनवर आहे. तो तुमचं तूप परातीत फेसतो, तळव्याने, गोल गोल, पांढरं होईपर्यंत. घरी आईला एवढा वेळ हात चालवता येत नाही. मग मैदा. मग गोळे, अंगठ्याने मधोमध दाब, वर चारोळी किंवा वेलचीचा दाणा. काळ्या पत्र्यावर ओळी लागतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी: जोशी, दोन किलो. शेजारचा पत्रा सणसांचा, त्याच्या पलीकडे शेखांचा. लांब फळ्याने तो पत्रे आत सरकवतो. आता बसा. हो, इथे बसायचंच असतं, बाहेरच्या पायरीवर, कारण पत्रा बदलला तर? आपलं साजूक तूप आणि दुसऱ्याचा डालडा यांची अदलाबदल हे त्या दिवाळीतलं सर्वांत मोठं संकट असतं. बायका एकमेकींच्या नानकटाईकडे तिरक्या नजरेने बघतात. कोणाची पसरली, कोणाची फुटली, कोणाची मध्येच करपली. भाजणावळ किलोवर द्यायची. कागद घातलेल्या पत्र्याच्या डब्यात गरम नानकटाई रचायची आणि झाकण अर्धवट ठेवून, वाफ धरू नये म्हणून, घरापर्यंत जपून न्यायची.

खाऊन बघा एक, पायरीवरच. बाहेरून खरपूस, जिभेवर ठेवताच रवा मोकळा होतो, शेवटी वेलची. माझ्या मते पुण्यात याहून चांगलं बिस्किट झालं नाही, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळालं नाही. पंचहौदात ज्यांनी कपाकडे पाठ फिरवली, त्यांच्या नाती-पणती इथे परक्याच्या भट्टीसमोर रांग लावून उभ्या आहेत. सोवळं मोडलं का? माझं मत असं की पेठेने सोवळं मोडलं नाही, तूप घरचं नेऊन ते मागच्या दाराने सोडून दिलं. जाहीर सभा झाली नाही, प्रायश्चित्त झालं नाही. याच पेठांत मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस खातात, तिरकस कापलेली, म्हणजे पाव खाल्ल्यासारखा दिसत नाही! हे माझं निरीक्षण कोल्हापूरकरांना सांगू नका. त्यांना पुणेरी मिसळीला हसायला आणखी एक कारण मिळेल.

पुढे गॅसवरचे छोटे ओव्हन घरोघर आले, मग तयार खोकी आली, आणि पायरीवर बसणारं कोणी राहिलं नाही. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. दुपारभर पत्र्याची राखण आई-आजीलाच करावी लागे, बाबांना नाही.

शेवटचा मुक्काम, १९९५, फर्ग्युसन रस्ता, सकाळचे साडेआठ. जगन्नाथ शेट्टींचं वैशाली. जुने लोक अजूनही मद्रास हेल्थ होम म्हणतात, कारण आधी तेच नाव होतं. टेबल मिळेपर्यंत थांबा. मिळालं की आधी फिल्टर कॉफी सांगा, मग उपमा. एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, संध्याकाळसाठी ठेवा. दही, शेव आणि चिंचेची चटणी एकत्र आली की सकाळी जीभ गोंधळते. आता गुडलकमध्ये शोधल्या होत्या त्या बायका इथे शोधा. शोधाव्या लागत नाहीत. कोपऱ्यात चार मुली पुस्तकं टेबलावर टाकून बसल्यात, आडोसा नाही, बरोबर कोणी दादा नाही, आणि त्यांच्यातली एक चक्क बिलावरून वेटरशी वाद घालतेय. शेजारी निवृत्त प्राध्यापक, रोजच्या टेबलावर, रोजच्याच लोकांशी. टांगेवाला नाही, टांगेच उरले नाहीत. रिक्षावाला बाहेर अमृततुल्यात आहे. म्हणजे माझ्या परीक्षेत वैशालीलाही पैकीच्या पैकी नाहीत.

किती वेळ बसू देतात? कॉफी संपवून तुम्ही सांबाराची वाटी पुन्हा मागवायचा विचार करताय, तो सोडा. तुमच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात आलाय, मागे चौघांचं कुटुंब उभं आहे, आणि त्यातल्या काकू तुमच्या पेल्यात किती कॉफी उरलीय ते वाकून बघतायत. उठा.