क्षत्रपकालीन लेखांतील शक विशेषनामें

परकीय नांव आपल्या लेखांत दोन वाटांनीं येतें. एक तर लेखक त्याचे ध्वनि जमतील तसे आपल्या अक्षरांत बसवितो; नाहीं तर त्याच्याशीं मिळतेंजुळतें स्वदेशी नांव त्यावर चढवितो. शकांच्या नांवांचा विचार करतांना हे दोन प्रकार निराळे ठेवले पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या प्रकाराचें उदाहरण चष्टनाच्या पित्याचें. कच्छांतील अंधौ येथील वर्ष ५२ च्या (इ. स. १३०) लेखांत तें 'य्सामोतिक' असें आहे. पूर्वीं हें नांव 'घ्समोतिक' असें वाचीत; आद्याक्षर 'य्स' आहे हें ल्यूडर्स यांनीं दाखविलें. खोतानच्या शकभाषेंतील पोथ्यांत हेंच जोडाक्षर फारसी 'ज़मीन' शब्दाच्या आरंभींच्या ध्वनीसाठीं योजिलेलें आढळतें. रुद्रदामन्‌च्या पुत्राचें नांव नाण्यांवर 'दामय्सद' व 'दामजद' असें दुहेरी येतें, त्यावरूनही हाच उच्चार सिद्ध होतो. शकभाषेंत 'य्सम' म्हणजे भूमि. एवढ्यावरून सिल्व्हां लेव्ही यांनीं य्सामोतिक व भूमक एकच मानले. परंतु अर्थसाम्यानें व्यक्ति एक ठरत नाहीं. भूमक स्वतःस क्षहरात म्हणवितो. चष्टनाचें घराणें तें कुलनाम लावीत नाहीं.

दुसरा प्रकार अधिक अवघड. नहपानाच्या जांवयाचें नांव नासिकच्या लेण्यांत 'उषवदात', तर कार्ल्यास 'उसभदात' असें कोरलें आहे. विद्वान त्यास सर्रास 'ऋषभदत्त' करतात. कार्ल्याच्या लेखकानेंही 'भ' घालून तोच अर्थ घेतलेला दिसतो. पण नासिकच्याच दुसऱ्या एका लेखांत 'विष्णुदत्त' याचें रूप 'विष्णुदत' असें ऱ्हस्व आहे. येथें मात्र 'द' ला दोन्ही ठिकाणीं काना आहे. इराणी भाषांत 'दात' म्हणजे दिलेला. तेव्हां मूळ नांव इराणी असून त्यास ऋषभाचा साज मागाहून चढला असावा, ही शंका रास्त आहे. एका कान्यावर निर्णय द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं; पण 'ऋषभदत्त' हा अनुमानित पाठ आहे, कोरलेला नव्हे, हें विसरूं नये. त्याच्या पित्याचें 'दीनीक' हें नांव संस्कृतानें सहज उलगडत नाहीं. उलट पत्नी, नहपानाची कन्या, दक्षमित्रा, नांवानें पूर्ण भारतीय आहे.

पुढें तर ही खूणही पुसली जाते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षीं नासिक येथें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं द्रव्य ठेवणारी उपासिका विष्णुदत्ता ही अग्निवर्म्याची कन्या. तिनें स्वतःस 'शकनिका' व पित्यास 'शक' म्हटलें नसतें, तर या नांवांवरून त्यांचें मूळ कोणास कळलें असतें? संस्कृत नांव हा एतद्देशीय कुलाचा पुरावा नव्हे.

म्हणून ठसे व नकला घेणाऱ्या मित्रांस आमची एवढीच विनंति, कीं 'अशुद्ध' दिसणारें अक्षर शुद्ध करूं नये. 'य्स' हें जोडाक्षर किंवा 'दात' मधील काना लेखकाचा प्रमाद म्हणून सुधारला, तर त्याबरोबर मूळ नांवाचा उरलासुरला पुरावाही नाहींसा होईल.