मनीऑर्डर, वेळासचं कासव आणि आपला मोबाइल

मंडळी, "सोशल मीडिया आला म्हणून संस्था चालतात" असं हल्ली सारखं कानावर येतं. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ही जरा लांबलचक पोस्ट.

आपला जिल्हा मनीऑर्डरवर जगलेला. मुंबईतला चाकरमानी घरी पैसे पाठवायचा, त्यातलेच थोडे देवळाला, थोडे शाळेला जायचे. संगमेश्वरच्या शाळेच्या नावात 'पैसा फंड' आजही आहे. दापोलीच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुंबईत होते तेव्हा त्यांनी नोकरदार मुरूडकरांकडून गावासाठी 'मुरूड फंड' गोळा केला. 1896 साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली, तेव्हाही दारोदार फिरून वर्गणी. 1929 साली, वयाच्या 71व्या वर्षी, हा माणूस युरोप, अमेरिका, जपान करत निघाला. व्याख्यानं द्यायची, काम समजावायचं, निधी मागायचा. आज याला क्राउडफंडिंग म्हणतात. फरक एवढाच की तेव्हा देणाऱ्याला मागणाऱ्याचा चेहरा दिसायचा, आणि संस्थेच्या अहवालात देणाऱ्याचं नाव रकमेसकट छापून यायचं. चार आणे दिलेला माणूससुद्धा अहवाल उघडून आपलं नाव शोधायचा!

आता वेळास. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांचं मूळ गाव. 2002च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असल्याचं कळलं. अंडी माणसंही न्यायची, कुत्री-कोल्हेही. भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच पोरांना हाताशी धरलं. रात्री किनाऱ्यावर गस्त, सापडलेली अंडी कुंपणातल्या हॅचरीत, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं समुद्रात. पण गस्त घालणाऱ्याचं घर कशावर चालणार? त्यातून 2006 साली कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत उतरायचे, घावणे-मोदक खायचे, आणि पैसे थेट त्या घरात.

इंटरनेटचा खरा उपयोग इथे झाला, असं माझं मत. पुण्या-मुंबईचा माणूस दोनशे किलोमीटर येणार, तर पिल्लं कधी निघणार ते त्याला आधी कळायला हवं. अमुक दिवशी निघतीलच, हे कासव सांगत नाही. तारखा, घरगुती मुक्कामाची सोय, आज किती पिल्लं सोडली, हे सगळं ऑनलाइन मिळू लागल्यावर जाहिरातीचा फारसा खर्च न करता वेळास महाराष्ट्राला माहीत झालं. पुढे काम वनविभाग आणि गावाच्या हातात आलं. इतर किनाऱ्यांनीही हाच धडा गिरवला.

जानेवारी 2022मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव 'प्रथमा'. 2023 साली गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. ती आज कुठे आहे हे लोक मोबाइलवर बघत होते. एरवी कासवाकडे ढुंकून न बघणारेसुद्धा!

याची दुसरी बाजूही बघा. रीलसाठी पिल्लू हातात धरणारा, अंधारात फ्लॅश मारणारा पाहुणाही याच मोबाइलने आणला. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, तेव्हा फ्लॅशमुळे त्यांची वाट चुकते. रात्रीची गस्त मात्र रीलमध्ये दिसत नाही, म्हणून तिला लाइकही नाही नि पैसेही नाहीत. किनाऱ्यावर हंगामभर राबणाऱ्या पोराचं मानधन वेळेवर मिळालं का, हे विचारणारी कमेंट मी तरी वाचलेली नाही.

22 जुलै 2021चा चिपळूणचा पूर आठवा. वीज गेली, नेटवर्क गेलं, आणि ज्यांना मदत हवी होती त्यांचेच फोन बंद. मदतीचे मेसेज मात्र राज्यभर फिरत होते. मदत खूप आली, त्याबद्दल दुमत नाही. पण काही वाड्यांत पाण्याच्या बाटल्यांचे ढीग, आणि शेजारच्या वाडीत झाडू-फिनेल नाही. मेसेजवर तारीख नसली की तो गरज संपल्यावरही आठवडाभर पळत राहतो. 1864 साली सुरू झालेलं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005च्या पुरात भिजलं, 2021लाही भिजलं. ते पुन्हा उभं राहिलं यात ऑनलाइन आवाहनांचा वाटा असेलच, पण पानं सोडवत, वाळवत बसलेल्या हातांचा जास्त. त्या हातांना क्यूआर कोड नसतो.

म्हणून स्थानिक संस्थांना माझी एकच विनंती. पेजवर पैसे मागता, तर त्याच पेजवर जमाखर्चही टाका. किती आले, कुठे गेले, किती उरले. कर्व्यांच्या काळी कागद-छपाई महाग असून लोक ते करत होते. आपल्याला तर एक फोटो टाकायचाय.

जाता जाता: 18 मार्च 2021 रोजी ओडिशात एका कासवाला 03233 क्रमांकाचा साधा धातूचा बिल्ला लावला होता. ना बॅटरी, ना सिग्नल. 27 जानेवारी 2025च्या रात्री ती मादी अंडी घालायला गुहागरला आली. किनाऱ्यावर गस्तीला माणूस होता, म्हणून नंबर वाचला गेला.