तळटीप : ओरोस इश्तवान

* ओरोस इश्तवान : हंगेरियन चित्रकार, पोस्टरकार आणि ॲनिमेशनपट-दिग्दर्शक. जन्म केच्केमेत, १९५१. हंगेरीत आडनाव आधी लिहितात. तोच क्रम येथे ठेवला आहे. बुडापेस्टच्या कला व अभिकल्प महाविद्यालयातून ते १९७५मध्ये पदवीधर झाले.

लेखकाने 'आरशातला चेहरा' म्हटले आहे, तो त्यांच्या ज्यूल व्हर्नवरील चित्राचा संदर्भ आहे. कागदावर सरळ पाहिले तर फक्त निसर्गदृश्य दिसते. त्यावर ठरलेल्या जागी चकचकीत नळकांडे उभे केले, की त्याच्या वक्र पृष्ठभागावर त्याच रेषांमधून व्हर्नचा चेहरा उमटतो. ही विकृत प्रतिमेची युक्ती युरोपात जुनीच. जुन्या चित्रांत मात्र आरसा नसेल तर हाती बहुधा ओढाताण झालेल्या रेषाच उरत. ओरोस यांच्या चित्रात दोन्ही प्रतिमा आपापल्या जागी पूर्ण आणि अर्थपूर्ण आहेत. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व हेच.

त्यांची 'ऊतिस' ही सही होमरच्या 'ओडिसी'तून येते. एकाक्ष राक्षसाला ओडिसियसने सांगितलेल्या नावाचा अर्थ 'कोणीच नाही' असा आहे.

हंगेरीबाहेर त्यांची ओळख बहुतेकांना एका पोस्टरमुळे झाली. सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्याची पाठमोरी जाड मान आणि रशियन भाषेत दोनच शब्द : कॉम्रेड्स, संपले. १९९०च्या मुक्त निवडणुकीच्या काळात ते गाजले. हंगेरियन भाषेत 'ओरोस' म्हणजे 'रशियन', हे वाचकाने येथे आवर्जून लक्षात घ्यावे. — संपा.