होडीचे कातडे



होडी कशाची करतात, असे विचारले तर आपण चटकन म्हणाल, लाकडाची. पण ग्रीनलंडच्या बर्फाळ किनाऱ्यावर लाकडाचा मोठा दुष्काळ. तिथले इन्युइट शिकारी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा बांधीत आणि त्यावर सीलचे कातडे चढवीत. हीच कयाक. सांगाडा शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाचा असे. कातडे शिवण्याचे काम बायकांचे. टाका आरपार जाऊ द्यायचा नाही, हे त्या शिवणीचे मर्म. त्या गारठलेल्या पाण्यात शिवण उसवली, तर माणूस गेलाच म्हणून समजा.

या कातड्याची जागा पुढे काचेने घेतली! १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या विटा सांधण्याच्या खटपटीत होता. हवेचा झोत वितळलेल्या काचेवर गेला आणि केसासारखे धागे उडाले. पुढे अशा धाग्यांचे कापड होऊ लागले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये पियेर कास्तां यांना दातांच्या कामासाठी साहित्य शोधताना एपॉक्सी राळ गवसली.

काचेचा पेला फुटतो, मग काचेची होडी कशी टिकते? आपण भिंतीच्या मातीत भुसा कालवतो, तसेच हे. धागा ताण सोसतो, राळ त्याला जागेवर धरून ठेवते. १९४२ साली ओहायोत रे ग्रीन यांनी काचकापड आणि पॉलिएस्टर राळ यांची लहान होडी केली. पुढे इंग्लंडात केन लिटलडाइक यांनी प्लायवूडच्या पाट्या शिवून, सांध्यांवर काचपट्टी चिकटवून कयाक करण्याची रीत काढली. १९६३ साली याच रीतीने 'मिरर' ही शिडाची होडी निघाली. अशा ७०,००० हून अधिक होड्या झाल्या. त्यांतल्या पुष्कळ हौशी माणसांनी घरीच बांधल्या. होडी बांधणे हे आता केवळ कसबी सुताराचे काम राहिले नाही.

मात्र काम सोपे झाले, म्हणून सैल झाले नाही. लाकूड घासून त्यावर कोरडे कापड अंथरायचे. राळ आणि तिला कडक करणारे द्रव्य नेमक्या प्रमाणात मिसळायचे. ते चुकले की राळ चिकटच राहते. मग मधून कडांकडे राळ ओढीत जायचे. कापड पारदर्शक झाले की पुरे. पांढरे राहिले तर राळ कमी. फार ओतली तर कापड तरंगते. हे काम दिवस कलताना करावे. ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि राळेत बुडबुडे धरतात. हातमोजे हवेत, घासताना नाकातोंडावर पट्टी हवी. शेवटी वार्निश, कारण ऊन एपॉक्सीला खाते.

आपल्याकडेही ही विद्या आली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 'म्हादेई' नौकेत गाभा लाकडाचा आणि आवरण काचकापडाचे आहे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय.

वार्निशाखाली राहिलेला बुडबुडा किनाऱ्यावर कोणाला दिसत नाही. ग्रीनलंडच्या बाईचा चुकलेला टाकाही दिसत नसे. होडीत बसणारा मात्र करणाऱ्याच्या भरवशावरच पाण्यात उतरतो.