टिपेश्वर ते ज्ञानगंगा : जंगल अन् नाल्याकाठानं वाघाची १३०० किलोमीटर पायपीट

घाटंजी : टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि चालत चालत थेट बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नोंदीत त्याचं नाव सी-१, लोकांनी नाव ठेवलं 'वॉकर'. त्याची वाट शेतशिवारातूनही गेली. म्हणून ही माहिती प्रत्येक शेतकऱ्याच्या कामाची आहे.

टिपेश्वर कुठं आहे?

घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत १४८.६३ चौरस किलोमीटरवर हे अभयारण्य पसरलं आहे. टिपाई देवीवरून त्याला नाव पडलं. १९९७ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. साग, तेंदू, मोह, धावडा अशी झाडं, जागोजागी नाले अन् पाणवठे. जंगल लहान आणि वाघ जास्त, त्यामुळं वयात आलेल्या नर वाघाला तिथं जागा पुरत नाही. तो नवा इलाका, शिकार अन् मादी शोधायला बाहेर पडतो.

वाघ कसा गेला?

फेब्रुवारी २०१९ मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. त्यामुळं तो कुठं आहे हे उपग्रहावरून कळत होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशिम असं फिरत डिसेंबर २०१९ मध्ये ज्ञानगंगेत दाखल झाला. सुमारे पाच महिन्यांत १३०० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी आठ-नऊ किलोमीटर. पुढंही तो फिरतच राहिला, एकूण चाल ३००० किलोमीटरच्या वर गेली. २०२० मध्ये कॉलर काढण्यात आली.

त्याची वाट कोणती होती?

दिवसा नाल्यातली झुडपं, नदीकाठची गर्दी किंवा उभं पीक यात बसून राहायचं आणि रात्री चालायचं, असा त्याचा क्रम होता. पोटासाठी रानडुक्कर अन् ढोरं मारली. एवढ्या वाटेत माणूस जखमी झाल्याची एकच घटना नोंदली गेली. तो झुडपात बसलेला असताना लोकांचा घोळका आत शिरला, तेव्हा ती घडली. मोबाईलवर व्हिडिओ काढायला धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

शिवारात वाघ दिसला तर

- मागं धावू नका, गर्दी करू नका, त्याची निघायची वाट मोकळी सोडा.
- वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर किंवा वनरक्षकाला कळवा.
- जागलीला, मोहफुलं वा तेंदूपत्त्याला एकट्यानं जाऊ नका. बोलत, आवाज करत चाला.
- पराटीत, तुरीत वाकून काम करताना एकानं उभं राहून लक्ष ठेवावं.
- धुऱ्याच्या तारेत करंट सोडू नका. त्यात वाघही मरतो, शेजारचा माणूसही मरतो, आणि गुन्हा शेतकऱ्यावर लागतो.

नुकसान झालं तर

वाघानं गाय, बैल किंवा म्हैस मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवा. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, फोटो काढून ठेवा. हल्ल्यात माणूस दगावल्यास वारसांना २५ लाखांची मदत आहे.

टिपेश्वरात पायी फिरायला परवानगी नाही, ठरलेल्या गेटमधून गाडी अन् गाईड घेऊनच जाता येतं. वाघ मात्र पायीच बाहेर पडतो. नाल्याकाठची झुडपं अन् जंगलाचे लहान पट्टे राहिले तर तो गावाला वळसा घालून निघून जातो. ते साफ झाले तर त्याला शेतातून अन् गोठ्याजवळूनच जावं लागेल.