पन्नास सेंटची लस आणि चार खंडांची भागीदारी

जैवतंत्रज्ञान उद्योगात नवी लस प्रयोगशाळेतून बाजारात येण्यास सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा वर्षे लागतात. या सबंध काळात पैसा खर्च होत राहतो. उत्पन्न मात्र शून्य असते. अखेरच्या चाचणीत सारे मुसळ केरात जाण्याची भीतीही शेवटपर्यंत असते. साहजिकच कोणत्या रोगावर संशोधन करावयाचे याचा निर्णय प्रयोगशाळेइतकाच संचालक मंडळाच्या बैठकीत होत असतो आणि तेथे ग्राहकाच्या खरेदीशक्तीचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. ज्या रोगाचे रुग्ण गरीब, त्या रोगावरची लस शास्त्रीयदृष्ट्या शक्य असूनही तयार होत नाही. आफ्रिकेतील मेनिंजायटिसच्या साथींबाबत विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमके हेच घडले होते. ही कोंडी फुटली ती एका वेगळ्या धाटणीच्या भागीदारीमुळे, आणि त्या भागीदारीतील कारखाना होता पुण्याचा. ‘मेनआफ्रीव्हॅक’ या लशीची ही कहाणी जैवतंत्रज्ञानातील संशोधन, सहकार्य आणि व्यवसाय व्यवस्थापन यांच्या अभ्यासकांना आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

साथींचा पट्टा

मेनिंजायटिस म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांच्या आवरणाचा दाह. पश्चिमेस सेनेगलपासून पूर्वेस इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस पसरलेला प्रदेश ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ म्हणून ओळखला जातो. त्यात २६ देश मोडतात. डिसेंबर ते जून या कोरड्या ऋतूत वाळवंटाकडून धुळीचे वारे वाहू लागले की हा रोग डोके वर काढतो आणि काही वर्षांच्या अंतराने त्याची मोठी साथ येते. या साथींना प्रामुख्याने कारणीभूत होता तो मेनिंगोकोकस जिवाणूचा ‘ए’ गट. उपचार न मिळाल्यास या रोगाचे निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तरी दहांपैकी एकाचा मृत्यू ओढवतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला बहिरेपण किंवा मेंदूची कायमची हानी येते.

१९९६-९७ मध्ये या पट्ट्यात आलेल्या साथीत सुमारे अडीच लाख लोकांना लागण झाली आणि २५ हजार जण मृत्युमुखी पडले. आर्थिक घावही खोल असतो. बुर्किना फासो या देशात २००६-०७ च्या साथीनंतर झालेल्या पाहणीत, घरातील एका रुग्णापायी कुटुंबावर पडणारा बोजा दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे एक तृतीयांश असल्याचे आढळले होते. आजारी मुलासाठी शेळ्यामेंढ्या किंवा पुढील वर्षाचे बियाणे विकावे लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

लस नव्हती असे नाही. जिवाणूच्या बाह्य कवचातील शर्करेपासून बनविलेली जुनी लस उपलब्ध होती. परंतु लहान मुलांमध्ये तिचा प्रभाव कमी पडे, तिचे संरक्षण दोन-तीन वर्षांतच ओसरे आणि घशात जिवाणू बाळगणाऱ्या निरोगी व्यक्तींकडून होणारा प्रसार ती रोखू शकत नसे. परिणामी साथ आल्यावर लस टोचायला धावायचे आणि लस पोहोचेपर्यंत साथीने आपले काम केलेले असायचे, हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहिले.

या दोषांवर उपाय होता तो ‘संयुग्म’ लशीचा. जिवाणूच्या कवचातील शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली की शरीराची प्रतिकारयंत्रणा तिची अधिक गांभीर्याने दखल घेते. लहान मुलांतही दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि घशातील जिवाणूही हटतो. हे तंत्र ठाऊक नव्हते असेही नाही. ब्रिटनने १९९९ मध्येच मेनिंगोकोकसच्या ‘सी’ गटावरील संयुग्म लस आपल्या मुलांना देण्यास प्रारंभ केला होता. ‘सी’ गट श्रीमंत देशांत आढळत होता. ‘ए’ गटाचे बळी मुख्यतः आफ्रिकेत होते. फरक होता तो एवढाच.

आधी किंमत, मग लस

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही अमेरिकेतील ना नफा तत्त्वावरील संस्था यांनी मिळून ‘मेनिंजायटिस लस प्रकल्प’ हाती घेतला. बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनने त्यासाठी सात कोटी डॉलर दिले. प्रकल्पाचे संचालक डॉ. मार्क लाफोर्स यांनी आरंभीच आफ्रिकी देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी चर्चा केली. त्या चर्चांतून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता. लशीच्या एका मात्रेची किंमत पन्नास सेंटपेक्षा, म्हणजे तेव्हाच्या विनिमयदराने सुमारे २४ रुपयांपेक्षा अधिक असेल तर ती या देशांना पेलणार नाही. काही वर्षे देणगीदारांच्या पैशावर लसीकरण चालवायचे आणि पुढे ते बंद पडायचे, यापेक्षा न परवडणारी लस नकोच, अशी त्यांची भावना होती.

उद्योगाच्या नेहमीच्या रीतीत उत्पादन आधी तयार होते. त्यावर झालेला खर्च आणि बाजारपेठेची ताकद यांचा मेळ घालून किंमत नंतर ठरते. येथे हा क्रम उलटा झाला. किंमत हीच उत्पादनाच्या आराखड्यातील पहिली अट ठरली आणि कोणते तंत्र वापरावयाचे, कच्चा माल कोठून आणावयाचा, कारखाना कोठे असावा, हे सारे निर्णय त्या अटीला बांधले गेले.

प्रथम मोठ्या बहुराष्ट्रीय लसउत्पादकांशी बोलणी झाली. ती निष्फळ ठरली. ज्या कंपनीच्या कारखान्याची क्षमता मर्यादित आहे आणि तीच क्षमता वापरून श्रीमंत देशांसाठी कितीतरी पट महाग लस बनविता येते, तिला पन्नास सेंटची लस बनविणे म्हणजे प्रत्येक मात्रेमागे संधी गमावणे होय. त्यात दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. तो ताळेबंदाचा साधा हिशेब होता. प्रकल्पाच्या धुरीणांनी मग सर्व कामे एकाच कंपनीकडे सोपविण्याचा विचार सोडून दिला आणि ती जगभर वाटून दिली.

कामाची वाटणी

या वाटणीत स्वतः प्रकल्पाकडे ना प्रयोगशाळा होती ना कारखाना. त्याचे काम होते ते निधी, करार, चाचण्या आणि समन्वय सांभाळण्याचे. ‘ए’ गटाच्या जिवाणूपासून शर्करा तयार करण्याचे काम ॲमस्टरडॅममधील ‘सिन्को बायो पार्टनर्स’ या कंपनीकडे देण्यात आले. शर्करा व प्रथिन जोडण्याचे तंत्र मिळाले ते अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधन केंद्राकडून. तेथील शास्त्रज्ञ चे-हंग रॉबर्ट ली आणि कार्ल फ्रॅश यांनी विकसित केलेल्या पद्धतीत कच्च्या मालातील अधिक वाटा प्रत्यक्ष लशीत उतरत असे. शर्करा वाया जाण्याचे प्रमाण घटले म्हणजे किंमत घटली. त्यामुळे हा रसायनशास्त्रातील तपशील सबंध प्रकल्पाच्या अर्थकारणाचा कणा ठरला. या तंत्राचा परवाना ‘पाथ’ने मिळविला आणि तो उत्पादकाला उपलब्ध करून दिला.

हा उत्पादक म्हणजे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी तोपर्यंत गोवर, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील स्वस्त लशींची मोठी पुरवठादार बनली होती. शर्करेला जोडण्यासाठी लागणारे प्रथिन, म्हणजे धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, ती स्वतःच मोठ्या प्रमाणावर तयार करीत असे. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जाऊन जोडणीचे तंत्र आत्मसात केले आणि ते हडपसरच्या कारखान्यात उत्पादनाच्या प्रमाणावर बसविले. पुढे शर्करेचे उत्पादनही पुण्यात होऊ लागले.

कराराचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. तंत्रज्ञान, त्याचे हस्तांतर आणि वैद्यकीय चाचण्या यांचा भार मुख्यतः प्रकल्पाने उचलला. उत्पादनाची यंत्रणा आणि कारखान्यातील गुंतवणूक कंपनीने केली. बदल्यात आफ्रिकेतील सार्वजनिक लसीकरणासाठी पन्नास सेंटच्या आतील किमतीत पुरेशी लस पुरविण्याचे बंधन कंपनीने स्वीकारले. म्हणजे संशोधन फसण्याची जोखीम सार्वजनिक व धर्मादाय निधीने घेतली आणि उत्पादन किफायतशीरपणे करून दाखविण्याची जोखीम उद्योजकाने. ज्याला जी जोखीम पेलते ती त्याच्याकडे, हे या व्यवस्थापनाचे सूत्र होते. सीरमच्या दृष्टीने नफ्याचे प्रमाण अल्प असले तरी संयुग्म लस बनविण्याचे कौशल्य हाती लागले, ही मिळकत लहान नव्हती. ‘पाथ’च्याच सहकार्याने कंपनीने पुढे न्यूमोनियास कारणीभूत ठरणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूवरील संयुग्म लस तयार केली आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली.

पुण्याहून बुर्किना फासोपर्यंत

लशीची पहिली मानवी चाचणी २००५ मध्ये भारतात झाली. त्यानंतर माली आणि गांबिया येथे लहान मुलांवर चाचण्या घेण्यात आल्या. नव्या लशीने निर्माण केलेली प्रतिपिंडे जुन्या लशीपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे त्यांत दिसून आले. जून २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लशीला पूर्वपात्रता दिली. या शिक्क्याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना लस खरेदी करता येत नाही. खरेदीचा मोठा भार ‘गावी’ या लसीकरणाच्या जागतिक आघाडीने उचलला. उत्पादकाला माल खपण्याची शाश्वती नसेल तर स्वस्त किमतीचे गणित कोसळते. त्यामुळे ग्राहकाची तजवीज हाही संशोधनाइतकाच महत्त्वाचा टप्पा होता.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये देशव्यापी मोहिमेस प्रारंभ झाला आणि अवघ्या दहा दिवसांत १ ते २९ वर्षे वयोगटातील एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकांना लस टोचण्यात आली. ‘पाथ’च्या म्हणण्यानुसार या लशीच्या विकासाचा खर्च एरवी नव्या लशीस येणाऱ्या खर्चाच्या एक दशांशाहूनही कमी होता.

परिणामांची मोजदादही काटेकोर झाली. चाड देशात लसीकरण झालेल्या भागातील रोगाचे प्रमाण लसीकरण न झालेल्या भागाच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ मध्ये लशीला आणखी एक मान्यता मिळाली. ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात ती चार दिवसांपर्यंत शीतपेटीबाहेर ठेवण्यास परवानगी देण्यात आली. त्याच वर्षी बेनिनमध्ये दीड लाखांहून अधिक लोकांना या पद्धतीने लस दिली गेली. वीज आणि बर्फ यांची वानवा असलेल्या खेड्यांत ही सवलत मोलाची होती. पुढील काही वर्षांत पट्ट्यातील तीस कोटींहून अधिक लोकांपर्यंत ही लस पोहोचली आणि २०१७ नंतर तेथे ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसचा प्रयोगशाळेत निश्चित झालेला रुग्ण आढळलेला नाही.

यशाच्या मर्यादा

तरीही या कहाणीचा शेवट येथे करता येत नाही. लस एकाच गटावरची होती आणि इतर गट शिल्लक होते. २०१५ मध्ये नायजरमध्ये ‘सी’ गटाची मोठी साथ आली. २०१६-१७ च्या हंगामात नायजेरियात याच गटाने १४ हजारांहून अधिक संशयित रुग्ण आणि अकराशेहून अधिक मृत्यू घडविले. जी लस सर्वांत निकडीची आणि परवडणारी होती ती आधी करावी, हा २००१ मधील निर्णय योग्यच होता. मात्र त्याची किंमत काही घरांना नंतर मोजावी लागली.

‘पाथ’ आणि सीरम यांनी ‘ए’, ‘सी’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’ आणि ‘एक्स’ या पाच गटांवरील संयुग्म लशीचे काम त्यापूर्वीच हाती घेतले होते. त्यासाठी ब्रिटिश सरकारने निधी पुरविला. सुमारे तेरा वर्षांच्या प्रयत्नांनंतर, जुलै २०२३ मध्ये तिला पूर्वपात्रता मिळाली आणि २०२४ मध्ये ती वापरात आणणारा नायजेरिया हा पहिला देश ठरला. पाच घटकांची ही लस पन्नास सेंटमध्ये मिळत नाही, आणि येथेच भागीदारीची खरी कसोटी आहे. देणगीदार संस्थांचा निधी आटला तर खरेदी कोण करणार, आणि एवढ्या मोठ्या प्रदेशाने एकाच उत्पादकावर कितपत विसंबावे, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणारी नाहीत.

जैवतंत्रज्ञानातील सहकार्य म्हणजे सदिच्छेचा करार असे अनेकदा मानले जाते. मेनआफ्रीव्हॅकचा अनुभव वेगळे सांगतो. किमतीची अट सर्वप्रथम लिहिली गेली, जोखमीची वाटणी स्पष्ट होती, तंत्रज्ञानाचा हक्क अडवून ठेवला गेला नाही आणि ग्राहक आधीच निश्चित झाला होता. या चार गोष्टींमुळे पुण्यात तयार झालेली कुपी बुर्किना फासोतील मुलापर्यंत पोहोचू शकली. यांपैकी एक जरी दुवा निसटला असता तरी शास्त्र तेच राहिले असते, लस मात्र झाली नसती.