विरजणाची मध्यस्थी

दौंडाहून मनमाडकडे निघालेली गाडी भीमेचे पात्र ओलांडून नगर जिल्ह्याच्या हद्दीत शिरली, की थोड्याच वेळात काष्टीचे स्थानक लागते. नुसत्या नकाशावर पाहणाऱ्याला ते श्रीगोंदे तालुक्यातील इतर गावांसारखेच एक गाव वाटेल. परंतु ज्याने एखाद्या शनिवारी तिथे पाऊल ठेवले आहे, त्याच्या लेखी काष्टी म्हणजे बाजार आणि बाजार म्हणजे जनावरांचा बाजार, हे समीकरण कायमचे ठरून जाते. दावणीला बांधलेल्या खिलार बैलांच्या रांगा, पहिलारू गाईंच्या कासेला हात लावून दुधाचा अदमास घेणारे शेतकरी, जबडा उघडून ‘दोनदाती की चारदाती’ याची शहानिशा करणारे जाणते म्हातारे आणि या सगळ्यांतून वाट काढीत सौदे जुळवणारे हेडे व दलाल, असे ते दृश्य असते. त्याच बाजाराच्या दुसऱ्या अंगाला, भाजीपाल्याच्या ओळीत, पिवळ्याधमक कागदी लिंबांचे ढीग पडलेले दिसतात. एकीकडे दुभते जनावर, दुसरीकडे आंबट फळ. मध्ये अंतर थोडेसेच. हे अंतर आपल्या स्वयंपाकघरात ओलांडले जायला मात्र शतके लागली. मोसंबी, संत्री, लिंबू आणि दाट दही एकत्र घुसळून केलेले जे साईदार पेय आज घरोघरी उन्हाळ्यात केले जाते, त्याच्या इतिहासाचा धागा या अंतरातूनच उलगडत जातो.

या मुलखाचे पर्जन्यमान फार तर वीस इंचांच्या आतबाहेरचे. घोड आणि भीमा या नद्या तालुक्याच्या कडेकडेने वाहतात खऱ्या. पण नदीकाठाची काळी चिंचोळी जमीन सोडली, तर बाकी सारा माळ पावसाच्या मर्जीवर जगणारा. जुन्या महसुली भाषेत जमिनीचे जिरायत आणि बागायत असे भेद होते, आणि बागायतीतही पाटाच्या पाण्यावरची ती पाटस्थळ आणि विहिरीच्या मोटेवरची ती मोटस्थळ, अशी बारीक वर्गवारी होती. श्रीगोंद्याकडची जुनी बागायत मुख्यत्वे मोटस्थळच होती, असे म्हणायला हरकत नाही. मोट म्हणजे चामड्याची प्रचंड पखाल. ती विहिरीतून ओढायला बैलांची जोडी लागे. आणि जोडी थकली किंवा मोडली, की कुणब्याला बाजाराची वाट धरावी लागे. विहिरीवरचे लिंबाचे झाड जगे ते बैलाने ओढलेल्या पाण्यावर आणि गोठ्यातल्या शेणखतावर. म्हणजे मळ्यात जनावर आणि आंबट फळ यांचे सख्य फार पुरातन आहे. वैर होते ते फक्त घराच्या उंबऱ्याच्या आत.

या वैराला शास्त्राचा आधार होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराचे जे विवेचन आले आहे, त्यात दुधाबरोबर मातुलुंग, करमर्द, कपित्थ, आमलक अशी आंबट फळे घेऊ नयेत, असा स्पष्ट निषेध आहे. आयुर्वेदाची परिभाषा बाजूला ठेवली, तरी गृहिणीचा रोजचा अनुभव तिला हेच सांगत होता: तापलेल्या दुधात लिंबाचे चार थेंब पडले, की दूध नासते, पाणी वेगळे आणि चोथा वेगळा होतो. लिंबाच्या रसात अम्लाचे प्रमाण शेकडा सहा-सातपर्यंत असते. एवढ्या तीक्ष्ण अम्लाचा आघात झाला, की दुधातील प्रथिने एकाएकी एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. जिथे दूध नासणे हा अपशकुन मानला जाई, तिथे ते आपल्या हाताने नासवायला कोण धजणार? म्हणून आपल्या परंपरेने दोन्ही पदार्थांना मान दिला, पण पंगती वेगळ्या ठेवल्या. महाळुंगाला, म्हणजे त्या मातुलुंगालाच, करवीरच्या महालक्ष्मीच्या हातात स्थान मिळाले. लिंबू लोणच्याच्या बरणीत आणि सरबतात गेले. दुधाच्या वाट्याला शिकरणासाठी केळे आले, कारण ते गोड आणि निरुपद्रवी.

येथे भाषेचाही थोडा दाखला घेण्यासारखा आहे. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी आणि अरबी मुखांतून पुढे युरोपात गेला आणि तिथल्या अनेक भाषांत संत्र्याचे नाव होऊन बसला. उलट ‘सरबत’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी ‘पिणे’ हाच अर्थ आहे. मोसंबीने तर आपले गोत्र नावातच बाळगले आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतीवरून ते नाव पडले, असे मानले जाते. नागपूरकडे संत्र्याची लागवड भोसल्यांच्या अमदानीत औरंगाबादेकडून आली, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. आंबट-गोड फळांची ही सारी ये-जा व्यापाराच्या आणि राजसत्तेच्या वाटांनी झाली. आणि जिथे जिथे ती पोहोचली, तिथे तिथे पाणी, साखर व मीठ यांच्याशी तिने सलोखा केला. दुधाचे दार मात्र बंदच राहिले.

पण पूर्णपणे बंद राहिले, असे म्हणणे हा आपल्या पूर्वजांच्या रसज्ञतेवर अन्याय होईल. जनावरांच्या बाजारातील सौद्याची एक जुनी रीत आहे: घेणारा आणि देणारा उघड बोलत नाहीत; दलाल एका पंचाखाली किंवा रुमालाखाली आधी एकाची बोटे दाबतो, मग दुसऱ्याची दाबतो, आणि दोघांचा मान राखून मधला आकडा काढतो. दूध आणि आंबट यांच्या तंट्यात हीच दलाली विरजणाने केली. लिंबू जे काम एका क्षणात आडदांडपणे करते, तेच विरजण रात्रभर, उबेत, सावकाश करते. दूध आंबटही होते आणि एकसंधही राहते. एकदा दही झाले, की पुढच्या अम्लाला ते सहसा भीत नाही, कारण जे व्हायचे ते सौजन्याने आधीच होऊन गेलेले असते. दह्यात साखर आणि सुगंधी द्रव्ये मिसळून केलेली शिखरिणी फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचविलेल्या ‘मानसोल्लासा’तही तिचा मान आहे. त्या शिखरिणीचे श्रीखंड झाले, आणि उरलेल्या श्रीखंडात ताजे ताक घालून, वर जायफळ उगाळून, आपण पीयूष केले. पीयूष हेच आजच्या त्या साईदार फलपेयाचे खरे पूर्वज होय. त्यात फळ तेवढे यायचे राहिले होते.

फळाला यायला वाट मिळाली ती आधुनिक काळात. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पाठीवर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ होता, आणि त्याच्या आधी १८७५ साली सावकारशाहीविरुद्ध पेटलेल्या दख्खनच्या दंग्याची झळ श्रीगोंदे तालुक्यालाही लागली होती. कर्जाने आणि अवर्षणाने गांजलेल्या कुणब्याला आगगाडीने तत्काळ सुख दिले, असे म्हणता येणार नाही; पण नाशवंत माल दूरच्या पेठेत नेण्याची शक्यता तिने निर्माण केली, आणि फळबागेला रोकड पिकाची किंमत येण्याची ही पहिली अट असते. पुढे पुण्याच्या गणेशखिंड बागेत मुंबई सरकारचे उद्यानतज्ज्ञ चीमा यांनी फळझाडांचे जे प्रयोग केले, त्यांतून या भागातील फळशेतीला शास्त्राची जोड मिळाली. १९५० साली प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि नगर जिल्ह्याच्या घराघरांत साखर हा सणासुदीचा जिन्नस न राहता रोजचा झाला. घोडचे धरण आणि नंतर कुकडीचे कालवे श्रीगोंद्याच्या माळावर आले, तेव्हा मोटस्थळाची जागा पाटस्थळाने घेतली. १९६८ साली राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच विद्यापीठाने ‘साई सरबती’ ही कागदी लिंबाची जात शेतकऱ्याच्या हाती दिली.

लिंबाच्या शेतीचे मर्म बहरात आहे, आणि बहर धरणे हे संयमाचे काम आहे. लिंबाला वर्षात आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहर येऊ शकतात. त्यांपैकी हस्ताचा बहर साधला, तर फळ ऐन उन्हाळ्यात, सरबताला मागणी असताना, हाती येते आणि भाव चढा मिळतो. पण तो साधण्यासाठी पावसाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे भोवती पाणी असताना झाडाला तहानलेले ठेवावे लागते. आणि नेमका त्या वेळी पाऊस लागून राहिला, तर सारे गणित बिघडते. कमी पावसाचा हा मुलूख अन्य पिकांना शाप असला, तरी हस्ताच्या बहराला तो अनुकूल ठरतो. श्रीगोंद्याच्या लिंबाला दूरच्या पेठांत नाव मिळाले, त्यात या कोरड्या आभाळाचाही वाटा आहे.

दुधाची कथा याच लोहमार्गाच्या दुसऱ्या फाट्यावर घडली. १९४६ च्या मार्च महिन्यात महात्मा गांधी पुणे-दौंड मार्गावरील उरुळीकांचन येथे येऊन राहिले आणि तिथे निसर्गोपचाराचा आश्रम सुरू झाला. गांधीजींच्या आहारात बकरीचे दूध आणि फळांचा रस या दोहोंना स्थान होते. येरवड्याच्या तुरुंगातील त्यांचे उपोषण २६ सप्टेंबर १९३२ रोजी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊनच सुटले होते. निसर्गोपचाराने फळांच्या रसाला पथ्याची प्रतिष्ठा दिली, आणि आजाऱ्याच्या उशाशी मोसंबी ठेवण्याचा रिवाज मध्यमवर्गात रूढ झाला. गांधीजी गेले, पण उरुळीला त्यांनी ठेवलेले मणिभाई देसाई मात्र तिथेच राहिले. १९६७ साली त्यांनी स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने संकरित गाईंचा प्रसार हाती घेतला. काष्टीच्या दावणीवर खिलार बैलांच्या शेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या दुभत्या गाई दिसू लागल्या, त्यामागे असे प्रयत्न आहेत. पंपाने मोट गेली, ट्रॅक्टरने नांगर गेला, आणि बाजारात बैलाची विचारपूस कमी होऊन गाईच्या दुधाची विचारपूस वाढली.

अशा रीतीने साखर, दूध आणि फळ ही तिन्ही एकाच तालुक्यात मुबलक झाली. उरला होता घुसळण्याचा श्रम, आणि तो १९६० च्या दशकात आलेल्या ‘सुमीत’सारख्या विजेच्या मिक्सरने हलका केला. त्या यंत्राने एक मोहही आणला: फळ आणि दूध भांड्यात टाकावे, बटण दाबावे आणि मोकळे व्हावे. या मोहाला बळी पडून थंड दुधात मोसंबीचा रस ओतणाऱ्या प्रत्येकाला चरकाचा निषेध प्रत्यक्षात पाहायला मिळतो; आमच्या घरातही तो एकदा पाहून झाला आहे.

ज्याला हे पेय नीट करायचे आहे, त्याने आदल्या रात्रीपासून तयारी करावी. साईसकट दुधाचे दही विरजावे. सकाळी ते पंचात बांधून तासभर टांगावे, म्हणजे पुरता चक्का न होता नुसते दाट होते. चार माणसांसाठी असे वाटीभर दही पुरे. तीन मोसंबी आणि एक संत्रे आधी गार करून सोलावे. सालीखालचा पांढरा भाग, फोडींवरचा पापुद्रा आणि बिया निक्षून काढाव्यात, कारण कडवटपणाचे मूळ तिथेच असते आणि यंत्राने बी चुरडली, तर ते कडूपण साखरेलाही दाद देत नाही. मोसंबीचा रस काढून ठेवू नये. तो ठेवला, की घटकाभरात कडवट होतो. आधी दही आणि साखर एकजीव करावी, मग फोडी घालून यंत्र अगदी थोडा वेळ फिरवावे. दोन चमचे साय शेवटी घालावी आणि ती हातानेच फेटावी. यंत्राच्या हवाली केली, तर लोणी वर येते आणि पेयाचे ताक होते. किसलेली लिंबाची साल चिमूटभर, मिठाचा कण, आणि वरून जायफळ. कागदी लिंबाचे थेंब घालायचेच असतील, तर ते पेला भरल्यावर, अगदी पिण्याच्या वेळी.

विरजण लावून रात्रभर थांबणे हे काही मोठे कौशल्य नव्हे, पण तेच या पेयाचे सारसर्वस्व आहे. बाजार, लोहमार्ग, कालवा, सहकार, संकरित गाय आणि विजेचे यंत्र एवढ्या साऱ्यांनी जिन्नस आपल्या ओट्यावर आणून ठेवले. त्यांची दिलजमाई मात्र अजून त्या जुन्या, बिनबोलक्या मध्यस्थाकडेच आहे. शनिवारी काष्टीहून परतणाऱ्या कुणब्याच्या पिशवीत शेरभर लिंबे असतात, आणि दारात नव्या गाईचे दावे. ती रात्री दूध देते. त्यातले वाटीभर बाजूला काढून, कालच्या दह्याचा चमचा त्यात ढवळून, घरातली बाई चुलीशेजारच्या उबेत ते झाकून ठेवते. लिंबांना ती सकाळपर्यंत हात लावत नाही.